अकोल्याच्या खुर्चीवर कोणी बसावं

मी, श्रीमती जयवंता जीवन चोपडे, वय चौऱ्याहत्तर, पूर्वीचा धंदा हार-फुलांचं दुकान, राहणार डाबकी रोड, अकोला, हे मृत्युपत्र माझ्या घरात, माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वकीलसाहेबांनी दिलेल्या नमुन्यात 'देहाचा भरवसा नाही म्हणून' असं एक वाक्य होतं, ते मी गाळलं. माझ्या देहाचा मला पुरता भरवसा आहे. हृदयाची झडप खराब झाली आहे आणि या वयात ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. तेव्हा हाताला कंप सुटण्याआधी लिहिलेलं बरं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तसं काही कोणी दाखवलं तर ते खोटं समजावं.

१. डाबकी रोडवरचं दुमजली घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. जागा मी हारांच्या दुकानाच्या कमाईतून घेतली. माझं माहेर तेल्हाऱ्याचं, माळ्याचं घर, फुलांचा धंदा मला कोणी शिकवावा लागला नाही. माझे यजमान कै. जीवन हे अकोला-खंडवा छोट्या लाईनवर गार्ड होते. त्यांच्या पगारात घर चाललं आणि माझ्या दुकानात घर उभं राहिलं, हे माझ्या मुलाला माहीत असावं म्हणून लिहिते. खालचा मजला, अंगण आणि मागची बोअर मुलगा कुलदीप याला मिळावी. वरच्या मजल्याचं मी वेगळं ठरवलं आहे. ते कलम चारमध्ये आहे. त्याने तिथपर्यंत वाचल्याशिवाय रागावू नये.

२. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत एक टेबल आहे. टेबल म्हणायचं म्हणून म्हणते, तीन भिंतींना लागून ते सगळी खोली व्यापून बसलं आहे. त्यावर ती छोटी लाईन आहे, बटणावर चालणाऱ्या लहानशा गाडीसकट. एका टोकाला अकोला, दुसऱ्या टोकाला धुळघाट, मधे अकोट, हिवरखेड आणि वाण नदीचा पूल. धुळघाटला गाडी वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून वर चढायची, तो वळसासुद्धा आहे. यजमान निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी हे सुरू केलं. एक शेषराव, विद्युत मंडळातले वायरमन. दुसरे देवानंद, बँकेतले क्लार्क. शेषरावांचा रेल्वेशी काडीचा संबंध नव्हता, पण लहानपणापासून त्यांना स्टेशनमास्तर व्हायचं होतं. ते निवृत्तीनंतर माझ्या घरात झाले.

डोंगर माझ्या जुन्या सुती पातळांचे आहेत. प्लास्टरमध्ये बुडवून वाळवले आणि वर हिरवा रंग दिला. झाडं मी केली, दोडक्याच्या जाळीची आणि वाळल्या काड्यांची. माझं कोणतं पातळ कोणत्या डोंगरात आहे ते मला अजून सांगता येतं. तरी माझी गणती त्या मंडळींत कधी झाली नाही. मी वयनी. चहा आणायचा, कप न्यायचे.

दुपारी चारच्या सुमारास ते जमायचे आणि गाडी कमी, गप्पा जास्त चालायच्या. मी जिन्यात बसून फुलं ओवत ऐकायची. यजमान गाडी मुद्दाम हिवरखेडला थांबवून ठेवत.

"आज काहून लेट हाये?" देवानंद विचारायचे.

"वाणच्या पुलावर म्हैस आडवी आली."

"म्हैस कोनाची?"

"शेषरावची. दुसऱ्या कोनाची मोकळी फिरते?"

मग शेषराव म्हणायचे, "माही म्हैस टायमावर दूध देते, तुमची गाडी टायमावर येत नाई." एवढ्यावर तिघं पोट धरून हसायचे. मग गुडघे, दात, टमाट्याचे भाव, कोणाच्या नातवाचं ॲडमिशन. खरी छोटी लाईन बंद पडली तेव्हा आठवडाभर कोणी गाडीला हात लावला नाही. नंतर मात्र ते एकही दिवस चुकवेनात. माझ्या आयुष्यात मी ऐकलेल्या सगळ्यांत चांगल्या गप्पा त्या. मी त्यांत नव्हते, याचं वाईट मला तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटतं.

३. देवानंद यांना मी धुळघाटचा मोडका सिग्नल देते. त्यांच्याकडे आमची तारांना डाग देण्याची कैया, म्हणजे सोल्डरिंगची दांडी, आहे, ती त्यांनी आठ दिवसांसाठी नेली होती, तेव्हा सिग्नल जोडायला त्यांना अडचण येऊ नये. ते आता अमरावतीला मुलाकडे असतात. यजमान गेले, त्यांच्या तेरवीच्या पंगतीतच ते मला म्हणाले, "वयनी, आता हे सगळं बंद करा. कोनासाठी चालवता?" माणूस वाईट नाही. पण माझ्या घरात बसून, माझ्या हातचं वाढलेलं खाऊन त्यांनी ते म्हणायला नको होतं. फोन करतात, मी उचलते, पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

४. आता ज्यासाठी हे मृत्युपत्र लिहायला बसले ते लिहिते.

देवानंद अमरावतीला गेल्यावर एकटे शेषराव येत राहिले. वर्षभराने त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग रस्ता. मग एक दिवस जिना चढून आले आणि म्हणाले, "जीवनभाऊ दिसून नाई राहिले?" मी खरं ते सांगितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. तेरवीला ते स्वतः वाढायला होते, पण त्यांच्या लेखी यजमान त्या क्षणी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा विचारलं, पुन्हा मी सांगितलं, पुन्हा तसंच रडले. असे काही दिवस गेले. त्यांची सून रागिणी त्यांना हात धरून आणते आणि न्यायला येते. ती एकदा मला जिन्याखाली बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, त्यायले रोज रोज सांगू नोका. घरी येऊन जेवत नाईत, रातभर बसून रायतात. जीवनकाका एकदाच गेले ना. तुमी त्यायले रोज काहून मारून राहिल्या?"

तेव्हापासून मी सांगते, ड्युटीवर गेले, खंडव्याला. त्यावर ते खूश होतात. "येतीन मंग सकाळच्या गाडीनं," म्हणतात. नवरा मेला आहे हे या घरात फक्त मला माहीत असल्यासारखं झालं आहे. मला त्याच्यासाठी रडायला शेषरावांची सोबत होती, तीही गेली.

त्या टेबलाचा एक नियम आहे. धुळघाटहून गाडी सोडण्याआधी शेषराव हाक देणार, "अकोला, लाईन क्लिअर हाये काय?" आणि अकोल्याच्या खुर्चीवरून यजमान म्हणणार, "क्लिअर हाये, सोडा." उत्तर आल्याशिवाय शेषराव बटणाला हात लावत नाहीत, गाडी पोचल्याशिवाय घरी जात नाहीत. सगळं विसरले, हा नियम विसरले नाहीत. यजमान गेल्यापासून गाडी हललीच नव्हती. एक दिवस त्यांनी हाक दिली आणि बसून राहिले. चहावर साय धरली. पुन्हा हाक दिली. मी कप उचलायला आले होते, ते तसंच पाहवेना म्हणून उभ्या उभ्या म्हटलं, "क्लिअर हाये, सोडा." त्यांनी मान वर केली नाही. गाडी सुटली, वळसा घेतला, माझ्या पातळांच्या डोंगरातून खाली उतरली आणि अकोल्याला आली. ते म्हणाले, "बरोबर टायमावर, जीवनभाऊ."

मला वाईट वाटलं. बरंही वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्या खुर्चीवर बसते. म्हशीचं विचारलं की म्हशीचं सांगते. टमाट्याचे भाव सांगते. इतकी वर्षं जिन्यातून ऐकलेलं सगळं मला पाठ आहे, तेच मी त्यांना परत देते, आणि ते हसतात. मी त्या मंडळींत आले ती अशी, दुसऱ्याच्या नावाने.

गेल्या पावसाळ्यात मी दवाखान्यात होते. रागिणी त्यांना नेहमीप्रमाणे घेऊन आली आणि खुर्चीवर स्वतः बसली. तिने म्हटलं, "बाबा, क्लिअर हाये, आता चाला घरी." ते म्हणाले, "तुमी कोन? जीवनभाऊले बोलवा." ती खाली पाणी आणायला गेली तेवढ्यात ते जिना उतरून बाहेर पडले. अंधार पडता पडता स्टेशनजवळ सापडले. छोट्या लाईनच्या जुन्या फलाटाची वाट येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, पायात चप्पल नव्हती. मी मेल्यावर हे रोज होईल, याची मला भीती वाटते. मरणाची तितकी वाटत नाही.

म्हणून वरचा मजला, जिना आणि टेबल मी माझी भाची वर्षाली हिला देते. ती माझ्या भावाची मुलगी, नवऱ्याने टाकल्यापासून माझ्यापाशी आहे आणि दुकान तीच चालवते. दुकानही तिलाच. अट अशी की शेषराव हयात आहेत आणि जिना चढू शकतात तोवर चार वाजता तिने अकोल्याच्या खुर्चीवर बसावं. दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक असलं तरी. तिचा आवाज माझ्यासारखा जाड आहे, दोनदा बसवून पाहिलं, त्यांनी गाडी सोडली. फक्त तिने 'बाबा' किंवा 'काका' म्हणू नये, घरी चला म्हणू नये. घाई दिसली की त्यांना कळतं. ही अट तिने मोडली तर वरचा मजला कुलदीपकडे जाईल. ती मोडणार नाही. पण वकीलसाहेब म्हणाले, लिहावं लागतं.

५. कुलदीप, तू पुण्याहून आलास की म्हणतोस, "आई, ते टेबल काढून टाक. वरची खोली पोरींले भाड्यानं दे, तुले सोबत होईन." तुझं म्हणणं वेडं नाही. मला सोबत लागते हे तुला कळलं, याचं बरं वाटलं. पण मला सोबत आहे. शेषराव गेल्यावर त्या टेबलाचं काय करायचं ते तू आणि वर्षाली मिळून ठरवा. तोडलंत तरी चालेल. मी तिथे काही पुतळा उभारून ठेवत नाही.

६. माझ्या सोन्याच्या दोन पाटल्यांपैकी एक सून आकांक्षाला आणि एक रागिणीला द्यावी. रागिणी रक्ताची नाही म्हणून कोणी हरकत घेऊ नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आकांक्षाने करावी. कुलदीप मनाचा चांगला आहे, पण कागदावर सही करताना तो वाचत नाही.

७. माझी तेरवी साधी करावी. हार मात्र आपल्याच दुकानातले असावेत, दुसऱ्याच्या हाताचे ढिले हार मला जिवंतपणी चालले नाहीत. त्या दिवशीही चार वाजता वरची खोली उघडी असावी.

८. शेवटचं, शेषरावांना काय सांगायचं ते.

आजारी पडल्यापासून मी याचा विचार करते आहे. यजमानांचं ते रोज विचारतात. माझं त्यांनी कधी विचारलेलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं, मी दोन हातांवर बसलेली असते. आता मी नसेन. त्यांनी वर्षालीला विचारलं, "वयनी कुठी गेल्या?", तर त्यांना खोटं सांगू नये. वयनी गेल्या, म्हणून स्पष्ट सांगावं. ते रडतील, रडू द्यावं. त्या दिवशी गाडी चालवू नये आणि रागिणीने त्यांना लवकर न्यावं. एका माणसाने एकदा माझ्या नावाने रडावं, एवढं मी मागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर सांगावं, तेल्हाऱ्याला माहेरी गेल्या. रोज रोज नको.

आणि त्यांनी विचारलंच नाही, तर कोणी आपणहून विषय काढू नये. वर्षालीने हाकेला उत्तर द्यावं आणि गाडी येऊ द्यावी. त्याने मला काही वाटणार नाही, असं मी कच्च्या कागदावर लिहिलं होतं. हा पक्का कागद आहे, यावर खोटं लिहिता येत नाही. मला फार वाटेल. तरी सांगू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही या मृत्युपत्रात काही मिळालेलं नाही, चहा तेवढा दिला.

सही: जयवंता जीवन चोपडे

साक्षीदार:
१) माणिकबाई रामकृष्ण ढोकणे, शेजारी, डाबकी रोड, अकोला (सही)
२) नत्थुजी सखाराम बोळे, निवृत्त शिक्षक, डाबकी रोड, अकोला (सही)

ठिकाण: अकोला
दिनांक: ९ डिसेंबर २०२४