बाकीची गोष्ट उद्या

टोकियो, ३ ऑक्टोबर १९८४

ती. स्व. मामांस,
तोमोएचा शि. सा. न. वि. वि.

पत्राची सुरुवात हवापाण्यानं करावी ही तुमची शिकवण, म्हणून लिहिते की इथली हवा छान आहे. मी ती स्टुडिओच्या खिडकीतूनच पाहते. मामींनी पाठवलेली खारवलेल्या मुळ्याची बरणी पोचली आणि त्याच दिवशी संपली. आमच्याकडच्या रंगवणाऱ्या बायका वासावरच गोळा झाल्या.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तुमच्याकडे एक काम आहे. आमचा पाणमांजरांचा कार्टून सिनेमा वसंतातल्या सुट्टीत लागायचा आहे. इतकी वर्षं मी लाटा, पानं आणि दुसऱ्यांच्या चित्रांमधली मधली चित्रं काढत आले. या वेळी दिग्दर्शक किरीहारासानांनी मला पहिल्यांदाच एक अख्खा प्रसंग दिला, आणि तोही शेवटचा. म्हातारी पाणमांजर आजी पिल्लांना घेऊन नदी चढत असते. वाळू उपसलेली, काठ सिमेंटचे, आणि डोहात कुणीतरी टाकून दिलेलं नायलॉनचं जाळं. पिल्लं निसटतात, आजी अडकते. उजाडतं तेव्हा तिचा पंजा हलताना दिसतो, पण हलवणारं पाणी असतं. हा पंजा काढताना मी किती कागद फाडले ते विचारू नका.

तर सिनेमा थिएटरांत लावणाऱ्या कंपनीचे उदागावासान म्हणतात, आजीनं शेवटी डोळे उघडले पाहिजेत. सुट्टीत रडवलं तर आया पुन्हा पोरांना आणणार नाहीत म्हणे. किरीहारासान म्हणतात, तिनं डोळे उघडले तर जाळ्यानं कुणाचं काही बिघडत नाही असंच पोरं शिकतील. दोघांनी एकमेकांकडे पाहणं सोडलं आहे, आणि मधे मी बसते. शेवटी ठरलं की गोष्ट खऱ्या मुलांना सांगून पाहायची. आमच्या लोकांची मुलं आईबापांनी पढवलेलं बोलतात, म्हणून मी पटकन बोलून गेले की आमचे मामा तरुणपणी सायकलवर चित्रपेटी घेऊन गावोगाव गोष्टी सांगत. आता निस्तरा.

सोबत पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं आहेत. मुलांना शेवटपर्यंत सांगा, आजी मरते तिथपर्यंत, आणि काय झालं ते लपवाछपवी न करता कळवा. महिनाअखेरीला रंगकाम सुरू होतं, त्याआधी उत्तर हवं. प्रसंग गेला तर मी पुन्हा लाटांवर जाईन, ते एक वेळ सोसेन. पण मामा, मला ती आजी खोटी जिवंत व्हायला नको आहे.

मामींना नमस्कार. भाचीवर लोभ आहे तो चित्रं पाहूनही टिकावा.

आपली,
तोमोए

हिनोउरा, १४ ऑक्टोबर

चि. तोमोएस,
तोकुजीमामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे डोंगर लाल व्हायला लागले आहेत, नदी उतरली आहे, आणि तुझा मामा आडवा पडला आहे. क्रमानं सांगतो.

तुझी चित्रं पाहिली. तुझी आई असती तर तिनं गावभर मिरवली असती, म्हणून ते काम मी केलं. मग शेडमधून पेटी काढली. तुझ्या मामीचं म्हणणं, त्यात उंदरांच्या चार पिढ्या नांदून गेल्या, तुम्ही पाचवी. पण तिनंच पेटी पुसली, आणि न सांगता पोरांना विकायचा गोड पाकही आटवला. चित्रपेटीवाल्याकडे काडीवरचा पाक नसेल तर तो कसला चित्रपेटीवाला? शनिवारी देवळाच्या आवारात सायकल लावली, लाकडी चिपळ्या वाजवल्या आणि पोरं आली. घरोघरी टीव्ही असताना आली, हे लिहून ठेव. दोन काड्यांवर पाक घोटून पांढरा करायचा, हे त्यांना शिकवावं लागलं.

पोरी, काय गोष्ट रंगली म्हणून सांगू. सिमेंटच्या काठावरून पिल्लं घसरली तेव्हा एकानंही पाक चाटला नाही. मग डोह आला, जाळं आलं, आजीचा पाय अडकला. सगळ्यांचे श्वास वर. आणि तिथे, तोमोए, माझ्या हातांनी घात केला. उत्कंठेच्या जागी थांबायचं, चिपळी मारायची आणि बाकीची गोष्ट उद्या म्हणायचं, यावरच आमचं पोट होतं. हातांना सिनेमाचं काय कळतं? चिपळी वाजली, तोंडानं उद्या म्हटलं, पेटीची झाकणं लागली. पोरं ओरडत घरी गेल्यावर मला तुझं पत्र आठवलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि मी तर अजून जिता आहे.

उद्या पुरं करू म्हणून सायकल शेडमध्ये उचलून ठेवायला गेलो, तर कमरेत अशी लचक भरली की रविवारपासून चटईला चिकटलो आहे. पोरं रोज दारात येऊन विचारतात, उद्या झाला का. मामी त्यांना सांगते की मामांच्या कमरेला विचारा.

आठवडा दे. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र लांबलचक लिही.

तुझा,
मामा

टोकियो, १९ ऑक्टोबर

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

कंबर कशी आहे ते आधी कळवा. शेक घ्या, सायकलीला हात लावू नका, आणि मामींचं ऐका, निदान आजारपणात तरी.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची शाई सांडली. मग मूर्खासारखं ते जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. उदागावासानही हसले, आणि हसून झाल्यावर म्हणाले की पाहा, जन्मभर गोष्टी सांगितलेल्या माणसाच्या तोंडून तो शेवट बाहेर पडला नाही, मग आपण कशाला पाडायचा? मला भांडता येईना, कारण हात दाखवून अवलक्षण मीच केलं होतं. उदागावासानांनी आजीचे उघडे डोळे काढायला आमच्यातल्या दुसऱ्या एका चित्रकाराला सांगूनही ठेवलं आहे. तो चांगलं काढतो, हे आणखी वाईट.

मामा, खरंच हातांनी घात केला ना? की तुम्हाला सांगवेना? तसं असेल तर तेही लिहा. कधी कधी मलाच वाटतं, लहान पोरांपुढे मेलेला पंजा ठेवणारी मी कोण? पण मग वाटतं की ती नदी आपली आहे. तुमच्या लहानपणी पाणमांजरं धक्क्यावर येऊन बसत आणि मासे अर्धे खाऊन तिथेच टाकत. मी एकदाही पाहिलं नाही.

झोपूनच सांगा, पण शेवट सांगा. थोडेच दिवस उरले आहेत. माया कमी करू नका, कमी पडली तर मामींकडून घेईन.

आपली,
तोमोए

हिनोउरा, २५ ऑक्टोबर

चि. तोमोए हिस,
हात्सुएमामीचे अनेक आशीर्वाद.

या वेळी लेखणी मी घेतली आहे. तुझे मामा लिहायला बसले की नमनालाच घडाभर तेल, आणि तुला घाई आहे. हवा थंड आहे, ते संपलं.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. हातांनीच घात केला. लग्न झाल्यापासून या माणसानं मला एकही गोष्ट एका दिवसात पुरी सांगितलेली नाही.

आता ऐक. आम्ही इथे शेक देत बसलो होतो आणि तिकडे पोरांनी निराळंच ठरवलं. उद्या आला नाही, म्हणजे आजी अजून जाळ्यातच आहे. आणि डोह, वळण, सिमेंटचा काठ, तू सगळं आपल्याच नदीचं काढलंस, तेव्हा ती इथेच असणार. शाळा सुटली की कात्र्या, विळे, जे हाताला लागेल ते घेऊन टोळी नदीवर. जाळं कुठे सापडेना. मग फुकीला सापडलं. फुकी म्हणजे कोळी यासुकिचीची धाकटी, यंदाच शाळेत जायला लागली आहे. तिला ते सापडलं घरामागे, बांबूवर वाळत घातलेलं, ऐन आयु माशांच्या हंगामात. तिनं आमच्या दारातून उचलून नेलेल्या माझ्याच शिवणाच्या कात्रीनं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत कापलं.

यासुकिची आला तो जाळ्याचा बोळा घेऊन. दारातूनच म्हणाला, म्हाताऱ्या, तुझी गोष्ट माझ्या पोटावर आली. मामांनी चटईवरूनच हात जोडले. फुकी मागे उभी होती, रडत नव्हती. बापानं पुन्हा विचारलं, का कापलंस? तर म्हणाली की आजी आत होती, आणि मामांचा उद्या येतच नव्हता. यासुकिचीनं हातातला बोळा दारातच टाकला. मग चपला काढून आत आला, बसला आणि म्हणाला, ठीक आहे, सांग बाबा पुढचं, आज मीही ऐकतो.

मी पेटी कपाटाला टेकवून ठेवली. दहा मिनिटांत खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मामांनी उताणं पडून, छताकडे बघत सांगितलं, आणि पोरी, त्यांनी काही सोडलं नाही. तुझा पंजा आला. आजी मेली. दोघं तिघं रडली, एक माझ्या बाहीला नाक पुसून गेला. कुणी उठून गेलं नाही. मग तुझं शेवटचं चित्र, पिल्लं उजेडात पोहत निघाली आहेत. मामांनी चिपळी मारली, आणि पोरं भडकली.

आजी मेली म्हणून नव्हे. फुकी म्हणाली, आणि तिला तसंच सोडून गेले? दुसरा म्हणाला, दगड कुठे आहे? भटजी कुठे आहे? मंत्र कोण म्हणणार? तोमोए, तू टोकियोला जाऊन विसरलीस का ग? आपल्याकडे हंगाम संपला की खाल्लेल्या आयु माशांच्या दगडाशी मंत्र म्हणतात. मोडलेल्या सुयासुद्धा आम्ही बायका मऊ टोफूत टोचून त्यांचे आभार मानतो. आणि तुम्ही एवढी आजी मारली आणि नुसता सूर्य उगववलात. मरण पोरांना समजलं. निरोप न देणं समजलं नाही.

मग सगळी वरात नदीवर. वळणावरच्या विलोच्या झाडाखाली गोल दगड ठेवला. उदबत्ती नव्हती, म्हणून पाकाच्या दोन काड्या रोवल्या, वर पाक तसाच. यासुकिची नाव घेऊन डोहात गेला आणि तळाशी वर्षानुवर्षं पडलेलं जुनं जाळं आकडा लावून वर काढलं. कुणाचं ते कुणी विचारलं नाही. आत माशांचे सांगाडे होते आणि एक कासव, ते जिवंत होतं. ते पाण्यात सोडलं तेव्हा पोरांनी जो गिल्ला केला तो मामांना चटईवर ऐकू गेला. यासुकिचीचं कापलेलं जाळं सध्या आमच्या अंगणात आहे, मी आणि त्याची बायको मिळून विणतो आहोत. कात्री माझी होती ना.

हे सगळं तुमच्या त्या उदागावांना वाच. आणि जेवत जा. आमच्यावर लोभ ठेव, मुळा पुन्हा घातला आहे.

तुझी,
मामी

टोकियो, ३१ ऑक्टोबर

ती. स्व. मामा आणि मामींस,
शि. सा. न. वि. वि.

मामी, तुमचं पत्र उभं राहून वाचलं. सुयांपर्यंत आले आणि मला पुढे वाचवेना, तेव्हा उरलेलं किरीहारासानांनी वाचलं. मला खरंच लाज वाटली. आजीचा जीव खरा वाटावा म्हणून मी इतकी झटले, पण मेल्यावर तिचं काय करायचं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

उदागावासान बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले की आमचं गाव देवमाशांच्या शिकारीचं. तिथे देवमाशांच्या पोटातल्या पिल्लांची कबर आहे, आणि आमची आजी आम्हा पोरांना हाताला धरून तिथे नेई. आम्ही रडायचो, आणि परत येताना भुकेनं भात दोनदा मागायचो. एवढं बोलून त्यांनी डोळे उघडलेली चित्रं स्वतःच उचलून कपाटात टाकली. जाता जाता मला बजावलं की काड्या दोन हव्यात, आणि पाक घोटून पांढरा झालेला.

तर आजी मरते. मग काठावर एक लहान मुलगी येते, दगड ठेवते, काड्या रोवते, आणि पिल्लं लांबून बघतात. ही वाढीव चित्रं मीच काढते आहे. मुलीचा हात जमत नाही. फुकीला सांगाल का, कात्री धरलेला हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायला? तिच्या बापाचं भय वाटत असेल तर कात्री नको.

दोघांच्या मायेवरच माझं चाललं आहे, ती अशीच चालू द्या.

आपली,
तोमोए

हिनोउरा, ७ एप्रिल १९८५

चि. तोमोएस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

चेरी फुलून गळूनही गेली, कंबर ताठ आहे. तुझा सिनेमा काल आपल्या शाळेच्या सभागृहात दाखवला. तू आली नाहीस, नव्या कामात आहेस म्हणे, म्हणून आता माझ्याकडून ऐक.

यंत्र एकच होतं. डोह आला, जाळं आलं, आजीचा पाय अडकला, आणि रीळ संपलं. दिवे लागले. यंत्रवाला दुसरं रीळ शोधायला लागला. आणि तोमोए, सभागृहातलं एकूण एक पोर वळून माझ्याकडे बघायला लागलं. फुकी तर उभीच राहिली. माझे हात शिवशिवत होते, खोटं सांगत नाही, तुझ्या मामीनं दोन्ही धरून ठेवले. मी म्हटलं, नाही, आज. बाकीची गोष्ट आजच. तेव्हा कुठे बसली.

मग पंजा आला. पोरं शांत होती. रडला तो यासुकिची, आणि फुकीनं त्याला तिचा रुमाल दिला. पडद्यावर येणारा तो हात आपला आहे हे तिचं पुढच्या सगळ्या रांगांना सांगून झालं होतं.

आज सकाळी विलोखाली गेलो. पोरं अजून काड्या बदलतात. दगडावर एक अर्धा खाल्लेला मासा होता, ताजा. तुझी मामी म्हणते, घारीचं काम. यासुकिचीही म्हणाला, घारच असणार. पण या हंगामात त्यानं त्या वळणावर जाळं लावलेलं नाही.

इथली माया तुझी तुझ्यासाठी ठेवली आहे, येऊन घेऊन जा.

तुझा,
मामा