हिब्रू कटोरा

नांदेड, बुधवार

प्रिय मुज्तबा,

गेले एकवीस दिवस आमच्या घरात भात नीट झालेला नाही, आणि या आपत्तीला आमची चर्चची मंडळी जबाबदार आहे, हे मी पूर्ण शुद्धीत नमूद करतो. एक दिवस गिच्च गोळा, दुसऱ्या दिवशी कच्चा. कारण ज्या पितळी कटोऱ्यानं आमच्याकडे आईच्या काळापासून तांदूळ मापतात, तो सध्या कपाटावर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, कैदेत आहे. तुझ्या ओळखीचा आहे तो. आतून बारीक अक्षरात कुराणातल्या आयती कोरलेला. तांदळाच्या डब्यात ठेवायचो म्हणून रागावू नकोस. कायम अन्नात राहिला, पायाशी कधी आला नाही.

झालं असं, की आमचे नवे पास्टर उमाशंकर घरासाठी प्रार्थना करायला आले, हातात डायरी घेऊन. परधर्मातली वस्तू घरात ठेवली की तिच्यामागून नको ते आत्मे आत शिरतात, असं त्यांचं म्हणणं. मग उमाशंकर हे देवाचं नाव घेऊन तुम्ही घरोघर कसे शिरता, हे विचारायला माझी जीभ शिवशिवली, पण शिल्पानं डोळे वटारले. वाण्यानं दिलेलं लक्ष्मीचं कॅलेंडर गेलं, त्याच्याबरोबर माझ्या गॅस सिलिंडरच्या तारखाही गेल्या. टीव्हीवरचा ढेरपोट्या हसरा चिनी बुवा गेला, त्याचं मला दुःख नाही. मग डब्यातून कटोरा निघाला. "हे काय लिहिलंय?" मी सवयीनं म्हणालो, "हिब्रू."

ही थाप माझी नाही, वारशानं आलेली आहे. जुन्या केरबा पास्टरांनी हेच विचारलं तेव्हा आई घाबरून बोलून गेली, "हिब्रू हाय, पास्टरसाहेब." त्यांना हिब्रू तितकीच येत होती जितकी मला फारसी. त्यांनी कटोरा डोळ्यांना लावला आणि पुढं कित्येक वर्षं बाप्तिस्म्याचं पाणी त्यातूनच घेतलं. माझ्या लेकीच्या कपाळावरही तेच. उमाशंकरांनी मात्र मोबाइलनं फोटो काढला आणि मिनिटभरात हिब्रूची अरबी झाली. बचाव म्हणून मी हा सगळा इतिहास सांगितला. गृहस्थ हसले नाहीत. डायरीचं नवं पान उघडून म्हणाले, "कोणाकोणाचा बाप्तिस्मा झाला, नावं सांगता का?"

मी हसलो. शिल्पा हसली नाही. तुला माहीत आहे, गेल्या वर्षी लेकीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. आता पुन्हा दिवस आहेत, आणि रविवारी ती बाळंतपणाला आमच्याकडे यायची आहे. गेल्या वर्षी हेच उमाशंकर तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होते, रक्ताची पिशवी आणायला धावले होते. त्यामुळं त्यांना मनमोकळ्या शिव्याही देता येत नाहीत, हा आणखी एक ताप. ते म्हणतात, लेक यायच्या आत कटोरा चेचा आणि गोदावरीत टाका. मी म्हणालो, कटोरा या घरातून हलणार नाही. शिल्पा म्हणाली, "तुमचा हट्ट मोठा का माझी लेक?" तेव्हापासून घरात बोलणं मिठाइतकंच.

सोमवारी तुझा फोन आला. तुझ्या अम्मी, आमच्या वहिदाखाला, अंथरुणावरच असतात, जुनं काहीबाही आठवतं, हे तू हसत सांगितलंस. रोज विचारतात म्हणालास, "रवी की अम्मी कू कटोरा दी थी, आया क्या?" मीही हसलो. पण फोन स्पीकरवर होता. शिल्पा पोळपाट सोडून आली. "दी थी म्हंजे? तुमचा न्हाई तो?" मग सांगावं लागलं. मी सात वर्षांचा, मुदतीचा ताप, डॉक्टर मान हलवून गेलेला, आणि वहिदाखाला हा कटोरा आईच्या हातात देऊन म्हणाल्या, चाळीस दिवस यातलं पाणी पाजा आणि मग परत आणून द्या, "बच्चा अच्छा हुआ तो लाको देओ." चाळीस दिवस व्हायच्या आत मी गल्लीत गोट्या खेळत होतो. आईनं मात्र आज देऊ, उद्या देऊ केलं, आणि तुम्ही लातूरला गेलात. शिल्पा म्हणाली, "तीन आठवडे भांडून राहिलात माझ्याशी, ठेवायचा म्हणून. आन् वस्तू लोकाची!" आयुष्यभर जिभेच्या जोरावर मिरवलेला मी, मुज्तबा, उठून तिच्या पोळपाटावर पोळ्या लाटायला लागलो.

म्हणून हे पत्र. शनिवारी शिल्पा लेकीला आणायला लातूरला येते आहे, आधी तुझ्या घरी येईल. काल तिनं कटोरा कपाटावरून स्वतः काढला, चिंचेनं घासला, आणि परत देताना भांडं रिकामं देत नाहीत म्हणून काठोकाठ तांदूळ भरून फडक्यात बांधला. खालांना त्याची पेज करून दे. पिशवीत तळाशी नको म्हणाली, बसमध्ये मांडीवर धरून आणणार आहे. पास्टरांना काय सांगू विचारलं, तर म्हणाली, "ज्याचा त्याला दिला म्हणा. त्यात काय पाप हाय?" मी बाजारातून आकडे छापलेलं प्लास्टिकचं माप आणलं आहे. आजचाही भात बिघडला. खालांना कमी ऐकू येतं, तेव्हा कानाशी जाऊन जरा मोठ्यानं सांग: बच्चा अच्छा हुआ.

तुझाच,
रविकांत