आटपाडीच्या तुरीचं बी

विश्रामबाग, मंगळवार संध्याकाळ

दुष्काळ सोसायची ताकद देणारं जनुकांचं कुटुंब तुरीत शोधतेय. आज आटपाडीच्या गावरान तुरीची जनुकं सुधारित वाणाशी तंतोतंत जुळली. असं कसं होईल? नमुन्यांच्या नळ्या माझ्या विद्यार्थिनीनेच, मेघनानेच, बदलल्या असणार. चिठ्ठ्या तीच लावते. विचारलं तर पुन्हा नळ्याच तपासायला लागली. म्हणजे तीच ना? दुपारी तिच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली.

आत्ता, खात्री करायला म्हणून, बी देणाऱ्या शेवंताकाकूंना फोन लावला.

“आवं म्याडम, घरचं बी बारकं, काळपट. कालेजातल्या पावण्यास्नी तसलं कसं द्याचं? दुकानातलं टपोरं दिलं की!”

बियांची ती पिशवी मीच आणली होती, उघडून न बघता.

किल्ली अजून माझ्याच पर्समध्ये आहे. आणि मेघना उद्या माझ्याआधी येऊन बंद दाराशी उभी असेल.