अँब्रोसवरचं गाणं

४ फेब्रुवारी १९५७
आज डेलमरला पुरलं. खाणीतल्या स्फोटात अकरा गेले, त्यात माझा भाऊ. बाबांनी भजन सांगितलं – नेहमीसारखं एक ओळ ते, मागून तीच ओळ सगळी मंडळी. तिसऱ्या ओळीला त्यांचा दम संपला. छातीत पंचवीस वर्षांची कोळशाची धूळ. पुढची ओळ कुणी उचलेना. मग मीच उचलली. आमच्या चर्चमध्ये बाई ओळ सांगत नाही. पण मंडळी माझ्या मागून म्हणाली.

९ फेब्रुवारी
डेलमरची गिटार मक्याच्या कोठीतच होती. बाबांच्या लेखी वाद्य म्हणजे पाप. चर्चमध्ये नको, घरातही नको. म्हणून डेलमर मला कोठीत शिकवायचा. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. कपडे पिळताना ती जुनी गाणी म्हणायची – बुडालेल्या मुलींची, फाशी गेलेल्या पोरांची. मला वाटायचं, गाणी असतातच, कुणी करत नाही.
आज चार ओळी केल्या. वाईट आहेत. पण माझ्या आहेत!

१७ फेब्रुवारी
स्फोट गॅसमुळे झाला म्हणतात. पाळीचे कामगार खाणीत उतरण्याआधी आत फिरून गॅस बघायचा आणि मग वहीत सही करायची, हे काम दोघांचं – बाबांचं आणि अँब्रोस साइझमोरचं. वही कंपनीकडे आहे, ते दाखवत नाहीत. बाबांना विचारलं, त्या दिवशी कुणी बघितलं? ताकात मक्याचा पाव कुस्करत होते. म्हणाले, "अँब्रोसनं."
अँब्रोस त्या गेलेल्या अकरा जणांतलाच. आत न जाताच सही केली असणार.

१८ फेब्रुवारी
दिवसभर त्यावर गाणं लिहिलं. भाकरी करपली, तेही कळलं नाही.

२ मार्च
युनियनच्या हॉलमध्ये गाणं म्हटलं. नाव घातलं नव्हतं; पण आत न जाता सही करणारा कोण, ते सगळ्यांना कळलं. तीनदा म्हणायला लावलं. बायका रडत होत्या. लिहायला लाज वाटते – मला आनंद झाला.
बाबा आले नव्हते.

२० मार्च
शाळेतली पोरं माझं गाणं म्हणतात. अँब्रोसच्या बायकोच्या, ऑर्फाकाकूच्या दारावर कुणीतरी त्यातली ओळ कोळशानं लिहिली. चर्चमध्ये तिच्या बाकावर ती एकटीच असते. मीही दुसरीकडे बसले.

२८ मार्च
ऑर्फाकाकू आली. बस म्हटलं तरी बसली नाही.
"आवाज चांगला आहे गं तुझा," म्हणाली. "अँब्रोसच्या आईला रोज रस्त्यावरून तेच ऐकू येतं. एवढंच सांग, अँब्रोसचं तुला कुणी सांगितलं?"
मी म्हटलं, बाबांनी.
बाबा खुर्चीतच होते. तिनं विचारलं, "हॉबर्ट, तू सांगितलंस?"
त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत काकू उभी राहिली. मग गेली.

३ एप्रिल
शहरातल्या रेडिओवाल्यांचं पत्र! शनिवारी बोलावलंय. हेच गाणं हवंय त्यांना. बाबांना वाचून दाखवलं. रात्री ते जेवले नाहीत.

५ एप्रिल, शुक्रवार
बाबा कोठीत आले. जन्मात पहिल्यांदा. गाणं म्हण म्हणाले. शेवटपर्यंत ऐकलं.
"वहीतली सही माझी आहे, व्हर्ना. त्या दिवशी मला चालवत नव्हतं. उद्या माझं नाव घालून म्हण."
हॉबर्ट. चौथ्या ओळीत बसतं. म्हणून पाहिलं.