थंड खोलीतली अकरा अंडी

प्रिय ठमे,

तीन रविवार झाले, मी फोन केला की तू नेमकी आंघोळीला गेलेली असतेस. खोटं बोलताना बाबा किती खाकरतात, ते एकदा ऐक. तू माझ्याशी बोलत नाहीस हे मला कळलंय, म्हणून पत्र लिहितेय. पत्राला हूं हूं करावं लागत नाही.

तर बातमी अशी, की काल सकाळी आमच्या प्राणी-संवर्धन केंद्रात कासवाची पिल्लं बाहेर आली. अकरा अंड्यांतून सात. पण त्याआधी मी जो घोळ घातला तो बाबांना सांगू नकोस. शिलाई मशीनच्या वर माझा पदवीचा फोटो टांगलाय ना, तो उतरवतील.

अंडी मिळाली त्याच दिवशी आमच्या डॉक्टरबाई दोन महिन्यांसाठी परगावी निघाल्या होत्या. जाताना चिठ्ठी ठेवली: अंडी मागच्या थंड खोलीत ठेवायची, मी येईपर्यंत हलवायची नाहीत. मी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली केली, कारण अंडं उलटं झालं तर आतला जीव दगावतो. वाळूच्या ट्रेमध्ये नीट मांडली. दुसऱ्या दिवशी बोट लावून पाहिलं तर गार पडलेली. मला कसंतरीच झालं. ऊब मिळाली की अंडं वाढतं, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. बाईंनी घाईत काहीतरी भलतंच लिहिलं असणार, असं ठरवून मी ट्रे उचलला आणि उबवणीच्या पेटीत ठेवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

मग रोज टॉर्च लावून बघायचे. वाढत्या अंड्यात लाल धाग्यांसारख्या शिरा दिसतात. माझ्या अंड्यांत नुसता पिवळा उजेड. पेटीची ऊब अर्ध्या अंशानं वाढवली, पाण्याची वाटी बदलली, सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिलं. दोन महिन्यांनी बाई आल्या तेव्हा मी रडतच सगळं सांगितलं. अकरा जीव मारले असंच वाटत होतं. बाईंनी एकेक अंडं उजेडाला धरलं, खूप वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "मेली नाहीत गं सगळी. थांबली आहेत. यांना वाढायच्या आधी थंडी हवी असते, ती तू मिळूच दिली नाहीस."

या जातीच्या कासवांचं असंच असतं म्हणे. आतला जीव टाचणीच्या डोक्याएवढा झाला की थांबतो. जिवंत असतो, पण पुढे सरकत नाही. थंडीचे दिवस गेले हे त्याला कळावं लागतं. नाहीतर भलत्याच वेळी बाहेर येईल आणि खायला पालाही नसेल. आईच्या पोटातही तो असाच थांबलेला असतो. मी चार वर्षं शिकले, ठमे, आणि हे मला माहीत नव्हतं.

अंडी परत थंड खोलीत गेली. आठ आठवडे मी काहीच करायचं नव्हतं, आणि तेच मला जमत नाही, हे तुझ्याहून जास्त कुणाला ठाऊक आहे? आमचे पिंजरेवाले काका तर खोलीला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवायचे. म्हणायचे, ताईंची नजर पडली की अंड्यांना झोप लागत नाही. मग पुन्हा पेटीत, आणि चोविसाव्या दिवशी एका अंड्यात केसाएवढा लाल धागा. मी काकांना हाताला धरून ओढत आणलं. मग कित्येक आठवड्यांनी पहिल्या पिल्लानं कवच फोडलं आणि दीड दिवस तिथंच डोकं बाहेर काढून बसलं. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होते. दोन अंडी नासली. दोन अजून तशीच आहेत. बाई म्हणतात, राहू देत.

तुला मी अंडं म्हणतेय असं समजू नकोस. तू नापास होऊन घरी आलीस, बाबांच्या शेजारी बसून काजं करतेस, आणि बाबा म्हणतात की मधूनमधून गाणंही गुणगुणतेस. मला ते आनंदाचं वाटायला हवं होतं. मी मात्र दर रविवारी फोनवर कॉलेजांची नवी यादी घेऊन बसायचे.

आता खरं सांगते. गेल्या महिन्यात मी तुला न विचारता तुझ्या नावानं कॉलेजचा अर्ज भरला. सहीसुद्धा मीच केली, तुझा तो वाकडा ठ जमवून. परवा तुझी निवड झाल्याचं कळलं, आणि आनंद काही झाला नाही. आज अर्धी रजा टाकून कॉलेजात गेले आणि अर्ज मागे घेतला. कारकुनांनी कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. मी लिहिलं, "अर्जदाराला विचारलं नव्हतं." त्यांनी दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. माफ कर. पुढं शिकायचं की नाही, कधी, काय, ते तू ठरव. मला सांगितलंस तर ऐकेन, नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझीच,
जरा गप्प बसायला शिकत असलेली मास्तरीण