तिसरी यादी

सर, तुमची वही माझ्याकडे आहे. तुमच्या माघारी, यंदा मे महिन्यात, काकूंनी फोन करून बोलावलं. गिरीज गावातलं तुमचं घर रिकामं करून त्या आपल्या मुलाकडे पुण्याला जायच्या होत्या. "पुस्तकं तूच ने बाई, रद्दीवाल्याला द्यायला माझा हात धजावत नाही," म्हणाल्या. दोन खोकी रिक्षात टाकून घरी आणली आणि त्याच दुपारी उघडली. वर गणिताची पुस्तकं होती, खाली वर्षावार बांधलेल्या वह्या. मी माझ्या बारावीचं वर्ष शोधलं. खरं सांगते, तेव्हा मी हसत होते. तुमच्या लाल शाईतल्या टपोऱ्या अक्षरावरून बोट फिरवत होते. पान उलटेपर्यंत.

तुम्हाला आठवत नसेल म्हणून सांगते. रविवारी सकाळी तुमच्या ओटीवर आईबाप मुलांच्या मार्कलिस्टा घेऊन बसायचे. वसईतून, विरारमधून, आमच्या चांदीपसारख्या लांबच्या गावांतूनही. तुम्ही मार्कलिस्ट हातात घ्यायचात, चष्मा कपाळावर सरकवायचात आणि पोरगं कुठे लागेल ते सांगायचात. तुमचा शब्द अखेरचा. त्या वर्षी बाबा मला घेऊन आले. बाबा भातशेती सांभाळून दुधाचा टेम्पो चालवायचे, ते तुमच्यासमोर खुर्चीवर बसायचेसुद्धा नाहीत. मला सत्त्याऐंशी टक्के होते आणि दिल्लीच्या एका मुलींच्या कॉलेजात गणित शिकायला जायचं होतं. वाचनालयातल्या पेपरात त्या कॉलेजाबद्दल वाचून मी फॉर्म मागवला आणि भरून पाठवलाही, तुम्हाला न विचारता. तिथूनच तुमचं बिनसलं असणार.

"अगं, बाहेरच्या राज्यातली तू," तुम्ही म्हणालात. "आधी त्यांच्या पोरी, मग उरलंसुरलं जगाला. त्यात मराठी माध्यम. आपल्या बोर्डाला तिकडे कुत्रं विचारत नाही. आणि समजा घेतलंच, तर टिकशील? चल, एक वाक्य बोल बघू इंग्रजीत." मी उभी आहे. ओटीवर दहा-बारा माणसं आहेत. माझ्या तोंडून 'आय वॉन्ट' एवढंच निघतं, आणि कोणीतरी फिस्सकन हसतं. तुम्हीही हसता. मग माझ्या मार्कलिस्टच्या झेरॉक्समागे एक मोठं शून्य काढून बाबांच्या हातात देता. "ही हिची शक्यता." परतीच्या वाटेवर मी रडत होते आणि बाबा म्हणत होते, "सर म्हनतात ना, मग त्यात काय आपन बोलायचं? त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं." तरी ते रोज विचारायचे, काही आलं का दिल्लीवरनं. आणि आईने तिकडच्या थंडीसाठी दुपदरी गोधडी शिवायला घेतली होती.

तुमचे मोठे भाऊ दिल्लीत नोकरीला होते. कॉलेजच्या याद्या लागल्या की ते फोनवर वाचून दाखवायचे आणि तुम्ही उतरवून घ्यायचात. आमच्याकडे ना फोन, ना दिल्लीचा पेपर. जे कळायचं ते तुमच्या तोंडून. पहिली यादी त्र्याण्णव टक्क्यांना लागली, तुम्ही सांगितलंत. दुसरी नव्वदला, तेही सांगितलंत. मग एका मंगळवारी मी क्लास सुटल्यावर थांबले आणि विचारलं, "सर, अजून यादी असते का?" तुम्ही फळा पुसत होतात. मागे न वळता म्हणालात, "संपलं ते. डोक्यातून काढ आता." त्याच संध्याकाळी तुम्ही मला तुमचा कॅल्क्युलेटर दिलात. नवा होता, भावाने पाठवलेला. म्हणालात, "उद्यापासून आठवीचा वर्ग तू घे. तुझ्यात शिक्षक आहे." मी तो कॅल्क्युलेटर छातीशी धरून चांदीपपर्यंत गेले. बाबांना वाटलं पोरीचं सोनं झालं.

वहीत काय आहे ते आता सांगते. सोमवारची तारीख. 'तिसरी यादी, ८६. प्रवेश शुक्रवारपर्यंत. राज्याची अट नाही.' शेवटच्या शब्दांखाली दोन रेघा. आणि समासात पेन्सिलने एकच शब्द, 'चांदीप', पुढे प्रश्नचिन्ह. सोमवारी लिहिलंय हे. मी मंगळवारी विचारलं. तुम्ही फळा पुसत होतात.

कितीदा ते पान वाचलं असेल मी. तुम्ही नुसते चुकला असतात तर मला काही वाटलं नसतं, सर. अंदाज सगळ्यांचेच चुकतात, मीही आज तोच धंदा करते. पण तुम्हाला चूक कळली होती. बुधवारी गाडीत बसले असते तर गुरुवारी पोहोचले असते, शुक्रवारपर्यंत मुदत होती. बाबांनी टेम्पोच्या मालकाला सांगूनसुद्धा ठेवलं होतं, कधीही चार दिवस सुट्टी लागेल म्हणून. तुम्हाला फक्त मागे वळून 'जा' म्हणायचं होतं. तेवढं एक अक्षर तुमच्याच्याने निघालं नाही, आणि मी मात्र तुमच्या शोकसभेत वीस मिनिटं बोलले. 'सरांनी मला घडवलं' म्हणाले. लोक रडले. आज त्या वाक्याची मला शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे परत गेले. वही पुढे ठेवली आणि विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं का. काकूंनी चष्मा लावून ते पान वाचलं. मग म्हणाल्या, "बोलले होते एकदा. त्या चांदीपच्या पोरीचं माझ्याकडून चुकलं, म्हणाले. मी म्हटलं, अहो मग सांगा तिला. तर म्हणाले, आता सांगून काय होणार, उगाच विश्वास उडेल."

"कोणाचा, काकू?"

"लोकांचा गं. ओटीवर येणाऱ्या." आणि मग हळूच, "तुझ्यावर त्यांची माया होती हो." मी उठून आले. त्या माउलीवर ओरडणं बरं नव्हतं. पण मायेचं नाव कोणी घेऊ नये माझ्यासमोर. माया असलेल्या माणसाने मला स्वतःच्याच क्लासात सात वर्षं आठवीची त्रैराशिकं शिकवायला ठेवलं नसतं. पुढे मी वसईतच शिकले, वसईतच शिकवते, लग्न, घर, दोन मुली, सगळं चांगलं झालं. म्हणूनच तर कोणाला सांगता येत नाही. चांगलं चाललेल्या बाईला राग यायचा अधिकार कुठे असतो? दिल्लीत मी कदाचित नापास झाले असते, पहिल्याच थंडीत पळूनही आले असते. पण ते माझं मी ठरवलं असतं. ती गोधडी मी कॉलेजात असताना आईने मामाच्या मुलाला देऊन टाकली, आणि बाबा वारले ते पोरीची लायकीच तेवढी होती असं समजून. हे मला गिळवत नाही.

आता रविवारी लोक माझ्याकडे येतात. यंदा जूनमध्ये भुईगावची एक मुलगी आईसोबत आली. इंजिनियरिंगच्या परीक्षेत चांगला नंबर, आणि दक्षिणेतलं एक केंद्र सरकारचं कॉलेज तिच्या यादीत पहिलं. तिथे अर्ध्या जागा त्याच राज्यातल्या मुलांना असतात, अर्ध्या बाहेरच्यांना. मी लॅपटॉपवर गेल्या वर्षीचे आकडे काढले आणि म्हटलं, "बाहेरच्या राज्याच्या मुलीला तिथे कठीण आहे गं. काढून टाक, खालचं वर घे." मुलगी म्हणाली, "टीचर, पण एकदा ट्राय..." मी म्हटलं, "मी सतरा वर्षं हे बघतेय." तिचा चेहरा पडला. आई म्हणाली, "टीचर सांगतात तसं कर, बाय." आणि तिने माझ्यासमोर ते नाव काढलं.

त्या संध्याकाळी मी आकडे पुन्हा उघडले. मी चुकीचा रकाना वाचला होता, त्या राज्यातल्या मुलांचा. बाहेरच्यांचा आकडा बराच सैल होता आणि मुलगी त्यात आरामात बसत होती. पसंतीक्रम बदलायला तीन दिवस होते. मी तिला फोन केला. तिने नाव परत वर घातलं आणि तिला तीच जागा मिळाली. गेल्या आठवड्यात ती गेलीही. जायच्या आधी तिची आई घरी केळी वाळवून केलेली सुकेळी घेऊन आली, केळीच्या वाळक्या पानात बांधलेली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून झालं, टीचर. नाहीतर आम्हाला कोण सांगणार?" मी म्हटलं, अहो, मुलगी हुशार आहे.

हे पत्र काकूंच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवावं असं मनात होतं, पण त्यांना आणखी काय द्यायचं या वयात. ते माझ्यापाशीच राहील. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, जाईल असं वाटत नाही, आणि मला तो घालवायचाही नाही. फक्त एक राहिलं. मी तिला फोन केला असं लिहिलंय, तो त्या संध्याकाळी केला नव्हता. दोन दिवस केला नाही. माझा विश्वास उडेल, याच भीतीने. आणि फोनवरही मी एवढंच सांगितलं, की आजच नवीन आकडे आलेत.