आई फाटकापर्यंत चालली

लाडक्या धाकटीला ताईचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे, मोटरहोम, म्हणजे हे चाकांवरचं घर, अंगवळणी पडतंय. काल निघताना कपाटाची कडी लावायला विसरले, तर पहिल्याच वळणावर चारही काचेच्या ताटल्या खाली. दोन वाचल्या, एकटीला पुष्कळ आहेत. मग टाकी भरताना पाण्याची नळी निसटली नि मी कपड्यांसकट न्हाले. शेजारच्या गाडीतल्या बाई म्हणाल्या, "एकट्याच फिरता? घरच्यांनी सोडलं?" म्हटलं, "धाकट्या बहिणीनेच पाठवलं, आईला स्वतःकडे नेऊन."

तुझा मेसेज दुकानाच्या रांगेत वाचला. आई तुझा हात धरून फाटकापर्यंत चालली, चांगलंच झालं. पण खरं सांगू, पोटात दुखलं. माझ्याकडे चार वर्षं विनवण्या करूनही तिने पलंग सोडला नाही, आणि तुझ्याकडे तीन आठवड्यांत तिला पाय फुटले. मी रांगेतून तशीच बाहेर पडले, दूध राहिलंच.

तिच्या गुडघ्यांना तेल लावतेस ना? डाव्याला जरा जास्त लाव.

ती माझी आठवण काढते का? काढत नसेल तर मात्र कळवू नकोस.

तुझ्यावर न रागावलेली,
ताई